कुंडीतील वाफसा

भिवंडीत अंगण असलेली घरे आता थोडीच उरली आहेत. पण झाडांची हौस मात्र सर्वांना आहे. निजामपुऱ्यातील जुन्या घरांचे ओटे पाहा, गैबीनगर आणि शांतीनगरमधील चाळींच्या गॅलऱ्या पाहा, नव्या इमारतींच्या खिडक्यांना लावलेल्या जाळ्या पाहा. कोठे मातीच्या कुंडीत मोगरा असतो. कोठे रंगाच्या रिकाम्या डब्यात कोरफड, तर कोठे तेलाच्या पत्र्याच्या डब्यात पुदिना लावलेला दिसतो. रोप आणताना घरातील सर्वजण उत्साहाने आणतात. दोन-तीन महिन्यांनी त्याच घरी जावे, तर कुंडीत नुसती काडी उभी असते. काय झाले असे विचारले, की उत्तर ठरलेले असते : "रोज पाणी घालत होतो, तरी मेले!"

"तरी मेले" असे आपण म्हणतो. पुष्कळदा "म्हणूनच मेले" असे म्हणायला हवे. कुंडीतील झाड पाण्यावाचून मरते हे आपल्याला लगेच पटते. ते पाण्याने मरते हे मात्र पटत नाही.

पुढे जाण्यापूर्वी एका शब्दाविषयी सांगायला हवे. उर्दूत आपण ज्याला 'गमला' म्हणतो, त्याला मराठीत 'कुंडी' म्हणतात. मराठीच्या तासाला "कुंडी कोठे आहे?" असे विचारले, की काही मुले दाराकडे बोट दाखवतात. त्यांचेही खरे आहे, कारण आपल्या घरी दाराच्या कडीला कुंडी म्हणतात. या पाठात मात्र कुंडी म्हणजे झाड लावण्याचे भांडे.

आता एका शाळेतील हकीकत ऐका. ही शाळा दोन सत्रांत भरत असे, सकाळी मुलींची आणि दुपारी मुलांची. व्हरांड्यात कुंड्या ठेवल्या होत्या. सकाळच्या वर्गमंत्री मुली शाळा सुटताना सर्व कुंड्यांना पाणी घालत. दुपारचे वर्गमंत्री शाळेत आले, की तेही सर्व कुंड्यांना पाणी घालत. दोन्ही सत्रांतील मुले आपले काम चोख करीत होती. पण एकमेकांचे काम कोणालाच माहीत नव्हते. पावसाळा संपता संपता झाडांची पाने पिवळी पडू लागली, माना खाली झुकल्या. "सर, झाडे तहानलेली दिसतात," असे म्हणून मुलांनी आणखी एक एक तांब्या पाणी वाढवले. शेवटी शिक्षकांनी एक कुंडी आडवी करून झाड मातीसकट बाहेर काढले. माती चिखलासारखी झाली होती. मुळे तपकिरी आणि लिबलिबीत झाली होती. नुसते बोट लावले, तर वरची साल सुटून हातात येत होती. जवळ उभा असलेला एक मुलगा नाक दाबून म्हणाला, "सर, याला तर गटाराचा वास येतो!"

पाणी भरपूर असताना झाडाने मान का टाकली? याचे उत्तर मुळांच्या श्वासात आहे.

आपल्याप्रमाणे मुळांनाही प्राणवायू लागतो. मातीचे कण एकमेकांना अगदी चिकटून बसलेले नसतात. त्यांच्यामध्ये बारीक बारीक पोकळ्या असतात. चांगल्या बागेच्या मातीत सुमारे निम्मा भाग घन पदार्थांचा असतो आणि निम्मा पोकळ्यांचा. त्या पोकळ्यांपैकी साधारण अर्ध्या पाण्याने आणि अर्ध्या हवेने भरलेल्या असल्या, की मुळांना ओलही मिळते आणि हवाही मिळते. आपण पाण्यावर पाणी घालत राहिलो, तर सर्वच पोकळ्या पाण्याने भरून जातात. पाण्यातून प्राणवायू फार सावकाश पसरतो. हवेतून तो जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश. मुळे गुदमरतात. गुदमरलेले मूळ काम करीत नाही आणि पाणीही शोषून घेत नाही. मग कुसवणाऱ्या बुरशीला ते आयते सापडते. म्हणजे पाण्यात उभे असूनही झाड तहानेने मरते. वर पाने झुकलेली पाहून आपण आणखी पाणी घालतो आणि त्याचा शेवट जवळ आणतो.

यावर कोणी विचारील, "मग भात कसा पाण्यात उभा राहतो?" प्रश्न चांगला आहे. आपल्या भिवंडी तालुक्यातच पावसाळ्यात भाताची खाचरे पाण्याने भरलेली दिसतात. भाताच्या देठात आणि मुळांत हवेचे बारीक मार्ग असतात. पानांकडून आलेली हवा त्या मार्गांनी खाली मुळांपर्यंत पोहोचते. ठाण्याच्या खाडीकाठी तिवराची झाडे आहेत, त्यांनी वेगळीच सोय केली आहे. त्यांच्या मुळांचे पेन्सिलीसारखे फाटे चिखलातून वर डोके काढतात आणि हवा घेतात. मोगरा, गुलाब, कढीपत्ता, कोरफड यांच्याजवळ अशी कोणतीही सोय नाही. त्यांच्या मुळांना हवा मातीतूनच मिळाली पाहिजे.

शेतकऱ्यांच्या मराठीत यासाठी एक सुंदर शब्द आहे : वाफसा. जमीन चिखलही नाही आणि कोरडी ठणठणीतही नाही, तिच्यात ओल आणि हवा दोन्ही आहेत, या स्थितीला वाफसा म्हणतात. जोराचा पाऊस पडून गेला, तरी जाणता शेतकरी लगेच पेरणीला धावत नाही. तो जमिनीला वाफसा येण्याची वाट पाहतो. मूठभर माती घेऊन दाबून बघतो. माती बोटांना चिकटली, तर अजून वेळ आहे. गोळा झाला आणि खाली टाकताच फुटला, तर वाफसा आला. उर्दूत यासाठी नेमका एक शब्द मला सापडत नाही. 'नमी' म्हटले तर अर्धाच अर्थ येतो, कारण नमीत हवेचा हिशेब नाही.

आपली कुंडी हे एक लहानसे शेतच आहे. तिच्यातही वाफसा ओळखता आला पाहिजे. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. अंगठ्याशेजारचे बोट दोन पेरे मातीत घाला. वरची माती पाहून फसू नका. उन्हाने आणि वाऱ्याने ती तासाभरातही कोरडी दिसू लागते, आणि खाली चिखल असू शकतो. बोटाला आत ओल लागली, माती चिकटली, तर आज पाणी नको. बोट कोरडे बाहेर आले, तर पाणी घाला. कुंडी लहान असेल आणि बोट घालण्याने मुळे दुखावतील असे वाटत असेल, तर एक बारीक काडी मातीत खोचा आणि थोड्या वेळाने बाहेर काढून पाहा.

दुसरा उपाय मला अधिक आवडतो. कुंडी उचलून पाहायची. पाणी घातल्यावर लगेच एकदा उचला आणि तिचे वजन हाताला लक्षात राहू द्या. दोन-तीन दिवसांनी पुन्हा उचला. हलकी लागली, तर पाणी संपत आले आहे. जड लागली, तर थांबा. येथेही शब्दांची एक गंमत आहे. उर्दूत झाडाच्या मुळाला आपण 'जड़' म्हणतो, मराठीत 'जड' म्हणजे वजनदार. तेव्हा मराठीत "कुंडी जड आहे" असे कोणी म्हटले, तर कुंडीत मुळे शोधू नका! आठ-दहा वेळा उचलली, की हाताला सवय होते. घरातील मोठी माणसे भाजी हातात घेऊन पाव किलो आहे की अर्धा किलो हे सांगतात, तसेच हे आहे.

वजनावरून झाडाचे पाणी मोजण्याची युक्ती बरीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाचे एक धर्मोपदेशक होते. त्यांना झाडांवर प्रयोग करण्याचा नाद होता. १७२४ साली जुलै-ऑगस्ट महिन्यांत त्यांनी कुंडीतील एक सूर्यफूल घेतले. त्याची उंची साडेतीन फूट होती. मातीतून पाणी उडून जाऊ नये म्हणून त्यांनी कुंडीचे तोंड शिशाच्या पातळ पत्र्याने बंद केले. झाडाला पाणी घालण्यासाठी एक लहान नळी ठेवली. मग ते सकाळ-संध्याकाळ कुंडीचे वजन करू लागले. दिवसाच्या बारा तासांत कुंडीचे वजन सरासरी १ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे ५६५ ग्रॅम कमी होत असे. सर्वांत अधिक घट झाली त्या दिवशी ते सुमारे ८५० ग्रॅम कमी झाले. कोरड्या, उबदार रात्री मात्र ही घट ८५ ग्रॅमच्या आसपास होती. एवढे पाणी गेले कोठे? ते पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन हवेत गेले. हेल्स यांनी हे सर्व १७२७ साली पुस्तकात छापले.

हे आकडे नीट पाहा. झाड तेच, कुंडी तीच, माती तीच. पण दिवस बदलला की पाण्याचा खर्च बदलला, आणि रात्री तर तो दिवसाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यावर आला. मग "झाडाला रोज एक तांब्या पाणी" हा नियम कसा चालेल? असा प्रयोग तुम्हालाही करता येईल. एक लहान कुंडी घ्या. मातीवर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून झाडाच्या बुंध्याशी सैलसर बांधा. घरातील किंवा दुकानातील तराजूवर सकाळी आणि संध्याकाळी कुंडी तोला आणि आकडे वहीत लिहा. एक दिवस कुंडी गॅलरीत ठेवा, दुसऱ्या दिवशी खोलीत ठेवा. प्रयोग झाल्यावर पिशवी काढून टाका, मातीला हवा हवी.

आपल्या गावात वर्षभर हवा फार बदलते. एप्रिल-मे महिन्यांत पत्रे तापतात, सिमेंटच्या भिंती रात्रीपर्यंत गरम राहतात. अशा वेळी गच्चीवरील मातीच्या लहान कुंडीला दिवसातून दोनदाही पाणी लागू शकते. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाऊस सुरू होतो आणि हवेत इतकी ओल असते, की दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. कपडे वाळत नाहीत, तर कुंडीतील माती कशी वाळेल? त्या दिवसांत खोलीतील मनीप्लांटला आठवड्यातून एकदा पाणीही पुरते. कोरफडीला तर पावसाच्या फवाऱ्यापासूनही दूर ठेवावे लागते. पाऊस गेला की ऑक्टोबरचे ऊन येते आणि पुन्हा सर्व हिशेब बदलतो. कोरड्या हवेत सुती धागा तुटतो, म्हणून मागावरचा कारागीर हवेतील ओलीकडे लक्ष ठेवतो. कुंडीवाल्यानेही तेवढे लक्ष ठेवावे.

भांड्यानेही फरक पडतो. भाजलेल्या मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपते आणि उडून जाते. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, तेच येथे घडते. प्लॅस्टिकच्या डब्यातून पाणी असे बाहेर जात नाही. म्हणून मातीच्या कुंडीच्या हिशेबाने डब्याला पाणी घातले, तर ते जास्त होते. रंगाच्या डब्यात झाड लावायचे असेल, तर तळाला तीन-चार छिद्रे पाडलीच पाहिजेत. छिद्र नसलेल्या डब्यात शहाण्यातला शहाणा माळीही झाड फार दिवस जगवू शकणार नाही.

पाणी केव्हा घालावे ते कळले, आता किती घालावे? येथे पुष्कळ लोक उलट चूक करतात. जास्त पाण्याची भीती बसली, की ते रोज अर्धा पेला पाणी वरच्या वर शिंपडतात. त्याने वरची एक इंच माती ओली होते आणि खालची मुळे कोरडीच राहतात. मग मुळे ओलीच्या शोधात वरच येऊन बसतात आणि एक दिवस कडक ऊन पडले की करपतात. पाणी घालायचे तेव्हा पोटभर घालावे. सावकाश, सर्व बाजूंनी, तळाच्या छिद्रातून पाणी निथळेपर्यंत. आठ इंची कुंडीची माती कोरडी असेल, तर साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाण्यात हे काम होते. नंतर मात्र बोट "हो" म्हणेपर्यंत थांबावे. पाणी निथळते तेव्हा पोकळ्यांतील जुनी हवा बाहेर जाते आणि तिच्या जागी नवी हवा आत येते, हा आणखी एक फायदा.

कधी पाणी घालताच ते लगेच खालून धो धो वाहते. याचा अर्थ कुंडी भरली असा नाही. माती फार वाळली, की ती आकसते आणि कुंडीच्या कडेला फट पडते. पाणी त्या फटीतून पळून जाते, माती कोरडीच राहते. अशा वेळी कुंडी टबात किंवा बादलीत चार बोटे पाण्यात अर्धा तास ठेवावी. माती खालून पाणी शोषून घेते. मग कुंडी उचलून निथळू द्यावी.

निथळलेले पाणी बशीत साठू देऊ नये. त्यात तळाची मुळे कुजतात हे एक, आणि दुसरे कारण त्याहून गंभीर आहे. डेंग्यूचा ताप पसरवणारा एडीस जातीचा डास अशाच घरातील साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. दाट वस्तीत एका खिडकीतील बशी साऱ्या मजल्याला आजारी पाडू शकते. बशी रोज ओतून टाकावी आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावी, कारण अंडी बशीच्या कडेला चिकटलेली असतात. बाटलीतील मनीप्लांटचे पाणीही दर आठवड्याला बदलावे.

सर्व झाडांची तहान सारखी नसते. पान पाहिले तरी पुष्कळ कळते. कोरफडीचे पान जाड असते, कारण तिने पाणी आतच साठवलेले असते. तिची माती पूर्ण वाळू द्यावी. पुदिन्याची पाने पातळ आणि मुळे उथळ. त्याची माती सतत ओलसर हवी. मनीप्लांट या दोघांच्या मध्ये येतो. मोगऱ्याची गोष्ट निराळी आहे. उन्हाळ्यात तो फुलावर असतो, तेव्हा त्याला भरपूर पाणी लागते. पण हिवाळ्यात त्याला विश्रांती द्यायची असते. पालघर जिल्ह्यात विक्रमगड आणि जव्हारकडे मोगऱ्याची शेती होते. मोगरा पिकवणारे शेतकरी थंडीत पाणी कमी करतात, छाटणी करतात आणि नंतर पुन्हा पाणी सुरू करतात. मग झाड कळ्यांनी भरते. संत्र्याच्या आणि डाळिंबाच्या बागांतही असेच काही काळ पाणी तोडतात. याला 'ताण देणे' म्हणतात. पाणी न घालणे हेसुद्धा बागेतील एक कामच आहे.

आपल्याकडे एक अडचण आहे, ती मान्य केली पाहिजे. अनेक वस्त्यांत नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येते. नळ आला, की बादल्या, पिंप, हंडे भरण्याची धांदल उडते आणि त्याच धांदलीत कुंड्यांनाही पाणी घातले जाते. म्हणजे पाणी झाडाच्या वेळेला न जाता नळाच्या वेळेला जाते. जी आई किंवा बहीण दोन मजले बादली चढवून आणते, तिच्या कष्टाचे पाणी झाड कुजवण्यात जावे, यासारखे दुसरे नुकसान नाही. एका लहान डब्यात कुंड्यांसाठी पाणी झाकून वेगळे ठेवावे आणि सकाळी बोट घालून ज्या कुंडीला हवे तिलाच द्यावे. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणीही चालते. मिठाचे किंवा साबणाचे पाणी नको. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी कढत झालेले असते, ते मुळांवर ओतू नये.

झाड बिघडलेच तर? पाने झुकली असतील, तर आधी माती पाहा. माती कोरडी असेल, तर पाणी घाला. संध्याकाळपर्यंत बहुधा ते मान वर करील. माती ओली असेल, तर पाणी बंद करा आणि कुंडी उन्हातून काढून वारा लागेल अशा सावलीत ठेवा. वास येत असेल, तर झाड बाहेर काढून कुजलेली मुळे कात्रीने कापा आणि नव्या, भुसभुशीत मातीत लावा. त्या शाळेतील काही झाडे अशीच वाचली. आता तेथे व्हरांड्यात एक पाटी टांगलेली आहे. जो पाणी घालतो, तो तारीख आणि सत्र खडूने लिहितो.

राहिला सुट्टीचा प्रश्न. मे महिन्यात कोणी मालेगावला जातो, कोणी कोकणात, कोणी उत्तर प्रदेशात आपल्या गावी. घराला कुलूप लागते. निघताना कुंड्या पाण्याने काठोकाठ भरून ठेवण्याचा काही उपयोग होत नाही. त्यापेक्षा आपल्या गावात सहज मिळणारी वस्तू कामाला लावावी, ती म्हणजे सूत. कारखान्यातील वाया गेलेले सुती धागे घ्या आणि त्यांची करंगळीएवढी जाड वात वळा. धागा सुतीच असावा, सुती वातीत पाणी चांगले चढते. वात आधी पूर्ण भिजवा. तिचे एक टोक पाण्याने भरलेल्या, झाकलेल्या बादलीच्या तळापर्यंत सोडा आणि दुसरे टोक कुंडीच्या मातीत तीन इंच खोल पुरा. बादली कुंडीपेक्षा थोडी उंच ठेवा. कंदिलाच्या वातीतून तेल चढते, तसे धाग्याधाग्यांतून पाणी मातीकडे जात राहते. मातीजवळ कोरडेपणा वाढला की पाणी अधिक ओढले जाते, माती ओलसर असली की ओढ कमी होते. झाकणाला वातीपुरतेच भोक ठेवा, म्हणजे डास आत जाणार नाहीत. कुंड्या उन्हातून काढून सावलीत एकमेकींना लागून ठेवा. आणि निघण्यापूर्वी चार-पाच दिवस ही मांडणी करून पाहा. वात किती जाड हवी आणि बादली किती दिवस पुरते, हे त्या चार दिवसांतच कळते.